दरसूचीत ऊर्जेचा रकाना घाला : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक बांधकाम विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : राज्य दरसूचीत बांधकाम साहित्याच्या अंतर्भूत ऊर्जेचे व कार्बनचे रकाने समाविष्ट करण्याबाबत

महोदय,



एका वर्गखोलीला सिमेंटच्या किती गोण्या लागतील, असे आपल्या विभागाच्या कोणत्याही कनिष्ठ अभियंत्याला विचारा. तो अंदाजपत्रक उघडेल आणि गोणीपर्यंत आकडा सांगेल. सळई किती किलो, खडी किती ब्रास, गिलावा किती चौरस मीटर, खाण कामापासून किती किलोमीटरवर, हे सगळे त्याच्याकडे लिहिलेले असते. काम सुरू झाले की तेच आकडे प्रत्यक्ष मोजून मोजमाप पुस्तिकेत (एम.बी.) चढतात, आणि जे एम.बी.त नाही त्याचे बिल निघत नाही. इतक्या काटेकोरपणे मोजणारे खाते सरकारात दुसरे क्वचितच असेल. पण ती खोली उभी करायला किती कोळसा जळाला, हे कोणत्याच कागदावर नसते. ते कळण्यासाठी नवे कार्यालय नको की नवा कायदा नको. ज्या दरसूचीवरून ही सगळी अंदाजपत्रके होतात, तिच्यात दोन रकाने वाढवावे लागतील. ही एक मागणी घेऊन मी आपल्याला हे पत्र लिहीत आहे.

मी स्थापत्य अभियंता आहे. अंदाजपत्रके, दरपृथक्करण आणि निविदा हेच माझे रोजचे काम. त्यामुळे जे सांगतो आहे ते पर्यावरणाच्या व्यासपीठावरून नव्हे, तर साइटवरून आणि ऑफिसच्या टेबलावरून सांगतो आहे.

इमारत वापरात आली की वीजबिल येऊ लागते, म्हणून वापरातली ऊर्जा सर्वांना दिसते. पण वापर सुरू होण्याआधीच एक मोठे बिल फिटलेले असते. चुनखडी खाणीतून काढली, भट्टीत जाळली, दळली, लोखंड वितळवले, सळई ओढली, विटा भाजल्या, खडी क्रशरवर फोडली, आणि हा सगळा माल डिझेल जाळत साइटवर आणला. पुढे दुरुस्तीला आणि शेवटी पाडकामाला लागते ती ऊर्जाही याच खात्यातली. या सगळ्या बेरजेला अंतर्भूत ऊर्जा म्हणतात. वीजबिल पुढे कमी करता येते: दिवे बदलता येतात, पंखे बदलता येतात, छतावर सौर पॅनेल बसवता येतात. भिंतीत आणि स्लॅबमध्ये गेलेली ऊर्जा मात्र एकदा गेली की गेली. ती वाचवण्याची संधी एकदाच मिळते, नकाशा आणि अंदाजपत्रक टेबलावर असताना.

ही ऊर्जा मोजता येते का? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले बी. व्ही. वेंकटरामा रेड्डी आणि के. एस. जगदीश यांनी २००३ साली आपल्याकडच्या साहित्याचे आणि बांधकामाच्या प्रकारांचे आकडे मांडून दाखवले. त्यांच्या हिशेबात सिमेंटला किलोमागे ५.८५ मेगाजूल, पोलादाला ४२, काचेला २५.८ आणि ॲल्युमिनियमला तब्बल २३६.८ मेगाजूल लागतात. आपल्या वीज केंद्रांत जळणारा दगडी कोळसा किलोमागे साधारण १६ ते १७ मेगाजूल उष्णता देतो. म्हणजे सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीमागे सुमारे साडेसतरा किलो कोळसा झाला. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण पावणेअकरा किलोची भरते. तिच्यात दीड गोणी सिमेंटइतकी ऊर्जा असते. हे आकडे एकदा डोक्यात बसले की बारबेंडरने तुकडे करून कोपऱ्यात टाकलेल्या सळईकडे पाहण्याची नजर बदलते.

याच अभ्यासात तीन इमारतींची तुलना आहे. बेंगळुरूची आठ मजली आरसीसी सांगाड्याची इमारत चौरस मीटरमागे ४.२१ गिगाजूल खाते. भाजक्या विटांच्या भारवाही भिंतींची दुमजली इमारत २.९२ गिगाजूल खाते, आणि स्थिर केलेल्या मातीच्या ठोकळ्यांची दुमजली इमारत १.६१. (एक गिगाजूल म्हणजे हजार मेगाजूल.) पहिल्या दराने २,००० चौरस मीटरचे एखादे सरकारी कार्यालय बांधले, तर त्यात सुमारे ५०० टन कोळशाची ऊर्जा जाते. मालगाडीच्या आठेक वाघिणी भरतील एवढा हा कोळसा. आठ मजल्यांना सांगाडा लागणारच. पण तालुक्याच्या ठिकाणची एक-दोन मजल्यांची कार्यालये, निवासस्थाने, आरोग्य उपकेंद्रे आणि शाळा यांनाही आपण सवयीने आरसीसी सांगाडाच देतो. तिथे प्रश्न विचारायला जागा आहे.

आता वर्गखोलीकडे वळू. आतून ६ बाय ६ मीटर, ३ मीटर उंच, २३ सेंटिमीटरच्या भिंती. दार-खिडक्या वजा जाता १५.४ घनमीटर वीटकाम भरते. भाजक्या विटांच्या बांधकामाला घनमीटरमागे २,१४१ मेगाजूल, म्हणजे भिंतींचे झाले ३३ गिगाजूल. वरचा स्लॅब सुमारे ४२ चौरस मीटर, चौरस मीटरमागे ७३० मेगाजूल. तो साडेतीस गिगाजूल. पाया, तुळया, फरशी आणि गिलावा बाजूला ठेवूनही भिंती आणि छत मिळून साडेत्रेसष्ट गिगाजूल होतात. तीच खोली ८ टक्के सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांत आणि फिलर स्लॅबमध्ये बांधली, तर भिंती साडेबारा आणि छत पावणेपंचवीस गिगाजूलच्या आसपास, एकूण ३७. खोली तेवढीच, मुले तेवढीच, आणि दीड टनाहून जास्त कोळसा वाचला. फिलर स्लॅबमध्ये जादू काही नाही. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताण घेत नाही, ताण सळई घेते. म्हणून दोन सळयांच्या मधल्या त्या जागेत काँक्रीटऐवजी कौले किंवा हलके ठोकळे बसवतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये अनेक वर्षे हेच करून दाखवले. वीट कडेवर उभी लावून मध्ये पोकळी ठेवणारी त्यांची रॅट-ट्रॅप पद्धतही तशीच: विटा जवळपास पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीमुळे खोली उन्हाळ्यात कमी तापते.

या खोलीत ७५ वॅटचे चार पंखे शाळेचे २२० दिवस रोज सहा तास चालले आणि थोडे दिवे लागले, तर वर्षाला साडेचारशे युनिट वीज लागेल. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज बनवायला तिच्या तिप्पट उष्णता लागते, हे धरले तरी ती पाच गिगाजूलच्या आतच राहते. म्हणजे भिंती आणि छत बांधतानाच आपण त्या खोलीची १३ वर्षांची वीज खर्चून टाकतो. उद्या तिथे २८ वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले, जे योग्यच आहे, तर हाच आकडा जवळजवळ ३० वर्षांवर जाईल. इमारती विजेच्या बाबतीत जितक्या काटकसरी होतील, तितका बांधकामातल्या ऊर्जेचा हिस्सा मोठा दिसू लागेल. वातानुकूलन नसलेल्या हजारो सरकारी खोल्यांच्या बाबतीत तो आजच मोठा आहे. आपले हरित इमारतींचे धोरण मात्र अजून मुख्यतः मीटरकडे पाहते.

महोदय, दरसूचीच का, याचे उत्तर महाराष्ट्राच्या भूगोलात आहे. कमी ऊर्जेची इमारत कोणती, याला राज्यभर लागू पडेल असे एक उत्तर नाही. कोकणात जांभा आहे. जांभ्याचा चिरा जमिनीतून कापून काढायचा, तासायचा आणि लावायचा. तो भाजावा लागत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात चिऱ्याची भिंत आणि वर मंगलोरी कौले ही जुनीच रीत आहे. तिथल्या सरकारी इमारतीसाठी घाटावरून भाजक्या विटा किंवा लांबून काँक्रीटचे ब्लॉक नेण्यात काही अर्थ नाही. विदर्भात कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रांची राख तळ्यांत साठते आहे. राखेची वीट भट्टीत जात नाही, म्हणून तिथे ती पहिली पसंती ठरायला हवी. केंद्राची राखेच्या वापराबाबतची पहिली अधिसूचना १९९९ ची, आणि राज्याने स्वतःचे राख धोरण २०१६ साली आणले. मराठवाड्यात आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती फुगते आणि आकसते, म्हणून मातीच्या ठोकळ्याला ती चालत नाही. लाल, वाळूमिश्रित किंवा मुरमाड माती हवी, आणि ती कुठे मिळते हे माती तपासूनच ठरवावे लागते. सह्याद्रीच्या पूर्वेकडे काळा दगड मुबलक आहे, पण तो घडवणारे हात कमी होत चालले आहेत.

यात वाहतुकीचा हिशेबही येतो, आणि तो सरसकट बोलून भागत नाही. रेड्डी आणि जगदीश यांच्या त्याच अभ्यासाप्रमाणे विटांच्या एक घनमीटर मालाला किलोमीटरमागे सुमारे २ मेगाजूल लागतात. वीट १०० किलोमीटरवरून आणली तर २०० मेगाजूल वाढतात. तिच्या भाजणीच्या मानाने ही वाढ दहा टक्क्यांच्याही आत आहे. पण जांभा रत्नागिरीहून पुण्याला नेला, तर याच दराने घनमीटरमागे ६०० मेगाजूलच्या घरात खर्च जातो. जागेवर जवळजवळ फुकट असलेला दगड गाडीतून उतरेपर्यंत मातीच्या ठोकळ्यांच्या बांधकामाची बरोबरी करतो. वाळूचेही तसेच आहे: १०० किलोमीटरवरून आलेल्या एका ब्रास वाळूत जवळपास पावणेदोन गोणी सिमेंटची ऊर्जा असते. मूळची ऊर्जा जितकी कमी, तितके अंतर महत्त्वाचे. आपल्या अंदाजपत्रकांना लीड चार्ट जोडलेला असतोच. खाणीपासूनचे, भट्टीपासूनचे आणि रेल्वे धक्क्यापासूनचे अंतर त्यात आधीच भरलेले असते. त्याला फक्त एका आकड्याने गुणायचे आहे.

पोलादाबाबतही असेच काळजीपूर्वक बोलावे लागेल. वर दिलेला ४२ मेगाजूलचा आकडा जालन्याच्या सगळ्या सळईला लागू होणार नाही. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळते आणि स्पंज आयर्नही पडते. भंगाराचा वाटा जास्त असेल तर ऊर्जा बरीच कमी होते. स्पंज आयर्न कोळशावर बनलेले असेल तर ती पुन्हा वाढते. २००३ नंतर सिमेंटच्या भट्ट्याही सुधारल्या आहेत. म्हणूनच परदेशातली कोष्टके उचलून इथे चिकटवू नयेत आणि वीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर कायमचे विसंबू नये. आपल्या कारखान्यांचे, आपल्या भट्ट्यांचे, आजचे आकडे हवेत, आणि ते दर नव्या दरसूचीबरोबर सुधारले जायला हवेत. दर बदलतात तसे हेही बदलतील.

आता दोन रकाने का, ते सांगतो. एक ऊर्जेचा आणि दुसरा कार्बनचा. सिमेंटच्या बाबतीत नुसती ऊर्जा मोजली तर अर्ध्याहून अधिक गोष्ट नजरेआड राहते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यातून चुनखडी निघते आणि तिथेच मोठ्या भट्ट्यांमध्ये सुमारे १,४५० अंश सेल्सिअसवर तिचे क्लिंकर बनते. भट्टीत कोळशाचा धूर तर होतोच, पण चुनखडी स्वतःही फुटते. १०० किलो शुद्ध चुनखडी तापवली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो. क्लिंकरच्या एकूण उत्सर्जनात हा दगडातला वायू साधारण साठ टक्के असतो. उद्या भट्टी पूर्णपणे सौर ऊर्जेवर चालली तरी तो निघणारच. म्हणून सिमेंटमधले क्लिंकर कमी करणे हा सर्वांत थेट उपाय आहे. पीपीसी या राखमिश्रित सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्याची मळी ७० टक्क्यांपर्यंत घालता येते. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडीची पूड मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या एलसी-३ सिमेंटच्या संशोधनात स्वित्झर्लंड आणि क्यूबाबरोबर आपल्या आयआयटींचाही वाटा आहे, आणि भारतीय मानक ब्युरोने २०२३ साली त्याचे मानकही काढले. माल आहे, मानक आहे. तरी साइटवर आग्रह ओपीसी ५३ या साध्या सिमेंटचाच असतो, कारण सेंटरिंग लवकर सोडायचे असते. वेळापत्रकात चार दिवस जास्त धरले तर हा आग्रह सुटू शकतो.

या सगळ्यांपेक्षा मोठी बचत इमारतीच्या आयुष्यात आहे. ४.२१ गिगाजूलची इमारत ३० वर्षांत पाडली, तर तिचा वर्षाचा हिस्सा चौरस मीटरमागे १४० मेगाजूल पडतो. ती ९० वर्षे टिकली तर ४७. एवढी बचत कोणतेही नवे सिमेंट देणार नाही. आणि इमारत टिकते ती साध्या गोष्टींवर. कव्हर ब्लॉक न लावता सळई थेट सेंटरिंगच्या पत्र्यावर टेकवली, तर काही पावसाळ्यांतच तिला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटते. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवायचे सोडून संध्याकाळी एकदा पाइप फिरवला, तर काँक्रीटला त्याची ताकद कधीच येत नाही. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारावे लागते. कोरड्या, उष्ण हवेत त्याहून जास्त. कमी ऊर्जेचे सिमेंट वापरून क्युरिंगमध्ये कसूर केली, तर दोन्हीकडून नुकसान. पाण्याची ती नोंदवही खरोखर भरली जाते का, हे पाहणे हा ऊर्जा वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

टिकलेली इमारत राखणे हाही त्याचाच भाग. आपल्या विभागाकडे याची उत्तम उदाहरणे आहेत. मुंबईचे जुने सचिवालय १८७४ साली पूर्ण झाले. आज त्यात शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरते. दीडशे वर्षे झाली, वापर बदलला, दगड तोच आहे. त्याहून जवळचे उदाहरण मंत्रालयाचे. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले. त्या आगीनंतर मुख्य इमारत जमीनदोस्त झाली नाही; सांगाडा राखून तिचे नूतनीकरण झाले आणि राज्याचा कारभार पुन्हा तिथूनच सुरू झाला. जळालेले मंत्रालय वाचवता येते, तर गळणारी शाळा आणि तडे गेलेले विश्रामगृह निदान तपासून तरी पाहता येईल. आज निर्लेखनाच्या प्रस्तावात इमारतीचे वय, तिची अवस्था आणि घसारा जाऊन उरलेली किंमत लिहिली जाते. तिच्यात साठलेली ऊर्जा आणि दुरुस्तीला लागणारी ऊर्जा यांची एक ओळ त्यात आली, तर वय झाले म्हणून पाडायची इमारत आणि खरोखर धोकादायक झालेली इमारत यांतला फरक कागदावर दिसू लागेल. धोकादायक इमारत पाडलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण पाडल्यावर तिचे काँक्रीट नाल्यात आणि टेकडीच्या पायथ्याशी जाऊ नये. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटची खडी एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के आणि लीन काँक्रीटमध्ये पूर्णपणे वापरायला परवानगी दिली आहे. आपल्या निविदांमध्ये ही बाब क्वचितच दिसते.

आक्षेप येतील, आणि त्यातला सर्वांत गंभीर सुरक्षिततेचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंपात जे झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. माती आणि दगडाचे नाव काढले की लोकांना तो ढिगारा आठवतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण तिथे माणसे कशामुळे दगावली, ते नेमकेपणाने सांगायला हवे. दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे दोन थर एकमेकांना जोडलेले नव्हते. भिंतीच्या आरपार जाणारा दगड नव्हता, कोपरे बांधलेले नव्हते, आणि वर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार होता. तोच दगड आरपार दगड घालून, जोत्यावर, लिंटेलवर आणि छताखाली आरसीसीचे पट्टे देऊन आणि वर हलके छत टाकून बांधता येतो. त्याची मानके आयएस ४३२६ आणि आयएस १३८२८ मध्ये आहेत. त्या पट्ट्यांना लागणारे थोडे पोलाद जरूर वापरावे, तिथे काटकसर करू नये. कमी ऊर्जेच्या नावाखाली सुरक्षिततेत तडजोड करा, असे कोणी म्हणत असेल तर त्याला थांबवण्यात मी पहिला असेन. माझी मागणी मोजण्याची आहे. भार आणि भूकंपाचे नियम आहेत तसेच राहतील.

दुसरा आक्षेप खर्चाचा. वर सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींत माल कमीच लागतो: कमी विटा, कमी सिमेंट, कमी पोलाद. काही ठिकाणी मजुरी वाढते, कारण गवंड्याचे कसब लागते. पण तो पैसा भट्टीत न जाता गवंड्याच्या हातात जातो, आणि बहुतेक वेळा त्याच तालुक्यात राहतो. तिसरा आक्षेप असा येईल की आकडे अचूक नाहीत. दरसूचीतले दरही प्रत्येक गावाच्या बाजारभावाशी तंतोतंत जुळत नाहीत, तरी राज्याचा कारभार त्यांवर चालतो. सगळ्यांनी एकच कोष्टक वापरले की निदान दोन पर्यायांची तुलना प्रामाणिक होते. कोष्टक शून्यापासून करायची गरजही नाही. इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने २०१७ साली भारतीय बांधकाम साहित्याच्या अंतर्भूत ऊर्जेची आणि उत्सर्जनाची आकडेवारी प्रसिद्ध केली आहे. त्यावरून सुरुवात करून आयआयटी मुंबई, नागपूरची व्हीएनआयटी, पुण्याचे सीओईपी आणि मुंबईची व्हीजेटीआय आपल्या जिल्ह्यांचे आकडे भरू शकतात.

बाहेरचा अनुभवही याच क्रमाने गेला आहे: आधी मोजणे, मग मर्यादा. स्वीडनने २०२२ पासून नव्या इमारतींच्या बांधकामातले उत्सर्जन जाहीर करणे बंधनकारक केले. तेव्हा मर्यादा घातली नव्हती. डेन्मार्कने १ जानेवारी २०२३ पासून १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या इमारतींच्या उत्सर्जनावर मर्यादा घातली. बांधकाम आणि वापर दोन्ही धरून, ५० वर्षांच्या हिशेबाने, चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलो. त्यांची हवा आणि त्यांचे साहित्य वेगळे, म्हणून त्यांचा आकडा आपल्या कामाचा नाही. क्रम मात्र कामाचा आहे. आपल्याकडे २०२२ च्या ऊर्जा संवर्धन सुधारणा कायद्याने इमारत संहितेला ऊर्जेबरोबर शाश्वततेचाही पाया दिला आहे. राज्याने वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

म्हणून आपल्याला नेमकी विनंती अशी :

पुढील राज्य दरसूचीत प्रत्येक बाबीच्या दरापुढे दोन रकाने असावेत, मेगाजूल आणि किलो कार्बन डायऑक्साइड. वाहतुकीसाठी लीड चार्टला जोडून तसाच एक आकडा द्यावा. प्रत्येक इमारतीच्या अंदाजपत्रकाच्या गोषवाऱ्यात एकूण रकमेखाली या दोन्ही बेरजा आणि त्यांचा चौरस मीटरमागचा दर लिहावा. तांत्रिक मान्यतेच्या वेळी भिंत आणि छत यांचा निदान एक पर्याय तपासून तो का घेतला किंवा का नाकारला, हे दोन ओळींत नोंदवावे. निर्लेखनाच्या प्रस्तावात दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांची ऊर्जेची तुलना असावी. पहिली दोन वर्षे कोणतीही मर्यादा घालू नये. या काळात जमलेली आकडेवारी विभागाने जिल्हावार जाहीर करावी, आणि मग शाळा, निवासस्थान, आरोग्य केंद्र आणि कार्यालय अशा प्रत्येक प्रकारासाठी तिच्यावरून मर्यादा ठरवावी. संपूर्ण राज्यात एकदम सुरू करणे अवघड वाटत असेल, तर कोकण, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातला एकेक विभाग निवडून सुरुवात करावी. अंदाजपत्रके संगणकावर होतात. एकदा कोष्टक भरले की बेरीज आपोआप होईल, कनिष्ठ अभियंत्याच्या डोक्यावर नवे ओझे येणार नाही.

महोदय, आपल्या दरसूचीची पोच आपल्या विभागापुरती नाही. जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि कितीतरी निमसरकारी संस्था तिच्यावरूनच अंदाजपत्रके करतात, आणि खासगी ठेकेदारही दराचा अंदाज घ्यायला तीच उघडतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी अंदाजपत्रक शिकतात तेही तिच्यावरून. दरसूचीत जी बाब असते ती निविदेत येते; जी नसते ती कितीही चांगली असली तरी साइटवर पोहोचत नाही. आज त्या पानांवर प्रत्येक वस्तूची फक्त रुपयांतली किंमत आहे, म्हणून राज्यातला प्रत्येक अभियंता रुपयांत विचार करतो, आणि त्यात त्याची चूक नाही. तिथे दुसरा आकडा छापला गेला, तर तो दुसऱ्या आकड्याचाही विचार करील, कारण समोर आलेली बेरीज कमी करणे हे अभियंत्याच्या अंगवळणी पडलेले असते. हे घडवून आणायला आपली एक सही पुरेशी आहे. येत्या दरसूचीचे काम सुरू होण्यापूर्वी ती व्हावी, ही आग्रहाची विनंती. कोष्टक भरण्याच्या कामी माझ्यासारख्या अभियंत्यांचा उपयोग होणार असेल, तर बोलावल्याबरोबर आम्ही हजर होऊ.

आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता,
सातारा